जोडवाचन

१

शरच्चंद्र पोतनीस मेले, त्याला जबाबदार मी. यशोधन, तेव्हा वय एकोणीस, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडून दिलेला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं मी बऱ्याच मोठ्या माणसांबद्दल वाकडं बोलणार आहे आणि कुणाला वाटायला नको की मी दोष वाटून टाकतोय. साखरेच्या पेशंटला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसवलं ते भय्यासाहेबांनी. मुलगा रिकामा हिंडताना बँकेतल्या लोकांना दिसू नये म्हणून मला तिथं चिकटवलं ते माझ्या बाबांनी. त्यांचं त्यांच्यापाशी. त्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि त्यातली एक माझी होती.

साल शहाण्णव. उज्जैनला नानाखेड्याच्या बसस्टँडसमोर भय्यासाहेबांचं ऑफिस होतं, म्हणजे त्यांचं घरच. पहिल्या मजल्यावर सहा कॉम्प्युटर आणि एक एसी. आत जाताना चपला काढायच्या. भय्यासाहेब रोज सकाळी मॉनिटरना उदबत्ती ओवाळायचे आणि दिवसभर जागतिकीकरणावर बोलायचे. बोस्टनच्या एका कंपनीचं गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर होतं, त्याचं चारशे पानांचं इंग्रजी मॅन्युअल लिहायचं काम त्यांना मिळालं होतं. त्यांनी अकरा प्रकरणं अकरा पोरांना वाटून दिली आणि आलेला माल जसाच्या तसा पाठवून दिला.

बोस्टनहून फॅक्स आला. बॅकअप हा शब्द पान बारावर जोडून, पान चाळीसवर हायफन देऊन, पान नव्वदवर दोन तुकडे करून. लॉगिनचं तेच. फाइलनेमचं तेच. कलरचं स्पेलिंग एका प्रकरणात विलायती, दुसऱ्यात अमेरिकन. अशा चार पानं भरून चुका, आणि शेवटी एक प्रश्न: हे पुस्तक एका माणसानं लिहिलंय की दहा जणांनी?

“अकरा,” मी म्हणालो.

“तोंड बंद ठेव,” भय्यासाहेब म्हणाले. “मुदत एकतीस मार्च. पोतनीसांना बोलावतो.”

२

पोतनीसकाका तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी सरदारांबरोबर इकडं आले, दप्तरात कारकुनी केली, आणि हे घराणं अजून त्याच तोऱ्यात होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “तुम्ही मूळचे कुठले?” मी म्हणालो, “नानाखेडा, एमआयजी कॉलनी.” ते हसले नाहीत. डावा डोळा पार गेलेला, उजव्याला भिंग लावून एका वेळी एक ओळ दिसायची. समोर बसलेला माणूस त्यांना धुरकट ठिपक्याएवढाच.

एसीच्या खोलीत त्यांच्या आवाजाचा पोरांना त्रास होतो म्हणून आम्हाला वर पाठवलं. टेबल, दोन खुर्च्या, रस्त्याकडची एक खिडकी. काका दाराकडं तोंड करून, मी दाराकडं पाठ करून.

त्यांची पद्धत अशी. काका दुरुस्त केलेली मूळ प्रत मोठ्यानं वाचणार. माझ्यासमोर नवीन प्रिंट. मी ओळीवर निळी पेन्सिल फिरवत ऐकणार. ते नुसते शब्द वाचत नसत, सगळंच वाचत. कॉमा, फुलस्टॉप, नवीन परिच्छेद. हायफन आला की बोलण्यात श्वास फुकट घालवायचा नाही, अंगठीनं टेबलावर एकदा टक. कॅपिटल अक्षराला दोनदा टकटक. ओळ जुळली की मी म्हणायचं, “हं.” चूक दिसली की, “थांबा.” माझं हं आल्याशिवाय पुढची ओळ नाही. वाचन चालू असताना कुणी आत आलं तर बोलायचं नाही, नुसता पंजा वर करायचा. पान संपलं की खाली माझी सही, म्हणजे एक ‘य’, आणि वेळ.

“वेळ कशाला?” मी विचारलं.

“पान कुणी ऐकलं आणि केव्हा ऐकलं, हे पानावर असलं पाहिजे. आणखी एक. हं म्हणणारा उठला की वाचन बंद. रिकाम्या खुर्चीसमोर वाचायचं नाही.”

“का?”

“आमच्या छापखान्यात वाचत नसत.”

हे असं मोठ्यांचं. कारण विचारलं की छापखाना दाखवायचा.

टेबलावर एक पुठ्ठा होता. त्यावर शब्दांची यादी, प्रत्येक शब्दाचं एकच रूप. बॅकअप एकत्र. लॉगिन एकत्र. ऑनलाइनमध्ये हायफन. यादीत आलं ते कायम, मग भय्यासाहेब काय म्हणतात आणि डिक्शनरी काय म्हणते त्याचा संबंध नाही. मी म्हणालो, “काका, हायफन असला काय, नसला काय. गोदामातल्या माणसाला कळतं ना?”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “मॅन्युअल कोण उघडतो? ज्याचं मशीन बंद पडलंय तो. तो आधीच घाबरलेला असतो. एका पानावर त्याला एक शब्द दिसला आणि दुसऱ्यावर जरा वेगळा, तर त्याला वाटतं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मग तो दुसरी वस्तू शोधत बसतो. नसलेली.”

हे मला पटलं होतं. चेहऱ्यावर दाखवलं नाही.

३

पहिल्याच आठवड्यात त्यांची मुलगी वर आली. प्रतिभाताई. शाळेत शिकवायची, लग्न केलं नव्हतं, आई गेल्यापासून बापाला तीच सांभाळत होती. मला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाली, “यशोधन, तुला यांनी काम काय सांगितलंय?”

“हं म्हणायचं.”

“ते झालं त्यांचं. तुझं खरं काम मी सांगते. सकाळी मी यांना इन्सुलिनची सुई देते. चार वाजता पोटात काही गेलं नाही तर साखर उतरते. हे वाचायला बसले की यांना भूक कळत नाही, तहान कळत नाही. तू हं म्हणत राहिलास तर हे वाचत राहतील, पार खाली पडेपर्यंत. चारला थांबवायचं. डब्यात पोळी-भाजी आहे, झाकणात साखरेची पुडी. आवाज जड झाला, घाम आला, टकटक चुकायला लागली, तर पोळीच्या नादाला लागू नकोस. आधी साखर तोंडात.”

“बरं.”

“बरं नको. सोडून जाणार नाही म्हण.”

“नाही जाणार, ताई.”

तिनं माझ्याकडं बघितलं. कॉलेज सोडलेल्या मुलांकडं मोठी माणसं ज्या नजरेनं बघतात तशी नाही. माणसाकडं बघतात तशी. त्या वर्षात तेवढी एकच.

पुढच्या मंगळवारी पावणेचारला काकांनी एका हायफनला तीनदा टकटक केलं. मान वर केली तर कपाळ ओलं. मी साखर भरवली, पाच मिनिटांत शुद्धीवर. “कुठल्या ओळीवर होतो?” एवढंच विचारलं. म्हणजे मला सगळं माहीत होतं. काय होतं, कसं दिसतं, काय करायचं. हे मुद्दाम लिहितोय.

४

फेब्रुवारी संपता संपता एकदा दुपारी मला लघवीला जायचं होतं. पान अर्ध्यात होतं. थांबा म्हणावं तर भाषण ऐकावं लागणार. काकांना दिसत नव्हतंच. मी हं म्हणून पावलं न वाजवता खाली गेलो. परत येताना रखवालदाराशी दोन शब्द बोललो. सहा-सात मिनिटं गेली असतील. जिन्यावरून काकांचा आवाज येत होता.

मी खुर्चीत बसलो. काका वाचतच होते. ओळ शोधली, तर ते चौदा ओळी पुढं.

मनाशी म्हटलं, म्हातारा बहिरा पण झाला. खालच्या बसच्या हॉर्नला हं समजतोय. मग प्रिंटवर लक्ष गेलं. त्या चौदा ओळींत एके ठिकाणी निळी खूण होती. री-स्टार्टमधला हायफन काढलेला, समासात बाण. बाण माझा होता. मी बाणाचं टोक पुरं करत नाही, एकच पाती काढतो. तसाच.

आधीच केली असेन, मी ठरवलं. दुपारी त्या पत्र्याखाली माणसाला पेंग येते. हात आपोआप चालतो. कॉलेजात लेक्चरला झोपेत पानंच्या पानं उतरवली होती मी.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम दहा मिनिटं गेलो. तिसऱ्या दिवशी वीस. परत आलो की पान पुढं गेलेलं असे, खुणा बरोबर जागी, आणि पान संपलं असेल तर खाली ‘य’ आणि वेळ.

मला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला सोय वाटली.

५

रस्त्यापलीकडं प्रकाशची चहाची टपरी होती, मागं कॅरम. मी रोज दोनला वर जायचो, पहिलं पान ऐकायचो, मग खाली. पावणेचारला परत. हे मी कटाक्षानं पाळत होतो. चारला डबा उघडून काकांसमोर ठेवायचो, ते खात असताना समोर बसायचो. मनात म्हणायचो, ताईला दिलेला शब्द पाळतोय. चार महत्त्वाचे, दोन ते चार नाहीत. स्वतःशी वकिली करायला मी बाबांकडूनच शिकलो होतो.

एकदा डबा खाताना काका म्हणाले, “अलीकडे तुझं लक्ष लागलंय.”

“हो?”

“पूर्वी तुझ्या हंमध्ये कंटाळा असायचा. हल्ली नीट ऐकतोस. काल तू मला ज्या जागी थांबवलंस ना, ती माझ्याही नजरेतून सुटली होती. छापखान्यात असा जोडीदार मला एकदाच मिळाला होता.”

“मग त्याचं काय झालं?”

“काय व्हायचंय? रिटायर झाला. ग्वाल्हेरला असतो.” त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. “तुला सांगतो, यशोधन, कॉलेजबिलेज विसर. हे काम तुझं आहे.”

एकोणीस वर्षांत मला कुणी शाबासकी दिली नव्हती. मिळाली ती दुसऱ्याच्या कामाची. मी म्हणालो, “थँक्यू, काका.”

त्या आठवड्यात बोस्टनचा फॅक्स आला. पहिली सात प्रकरणं निर्दोष. शेवटी लिहिलं होतं, आता हे एका माणसाचं वाटतं. भय्यासाहेबांनी तो फॅक्स लॅमिनेट करून घेतला. बाबांना फोन करून म्हणाले, “मुलगा लाइनीवर आला तुमचा.” बाबांनी त्या रात्री जेवताना मला दुसऱ्यांदा भात वाढायला आईला सांगितलं. आमच्याकडं याला कौतुक म्हणतात.

आणि मग प्रकाश म्हणाला. मी सोंगट्या लावत होतो. तो ग्लास विसळत वर बघत होता. सगळ्यांनाच तो भिया, म्हणजे भैया, म्हणायचा.

“भिया, एक बात बताओ. आप यहाँ बैठे हो, तो ऊपर दादाजी के सामने कौन बैठा है?”

“कोई नहीं.”

“अरे, खिड़की में कोहनी दिख रही है.”

मी बघितलं. वर खिडकीत उन्हाची तिरीप, गज, आणि गजांच्या आत टेबलाच्या कडेवर एक कोपर. बाही दुमडलेली. कोपर हळूहळू सरकत होतं, ओळीवरून पेन्सिल नेताना सरकतं तसं, मग झटकन मागं. पुढची ओळ.

“चपरासी होगा,” मी म्हणालो.

“आपके चपरासी की भी यही चेक की शर्ट है?” प्रकाश हसला. “सेल में ली होगी दोनों ने.”

मी पण हसलो. स्ट्रायकर नीट लागला नाही त्या डावात.

त्या दिवशी परत जाताना मी जिन्यात थांबलो, शेवटच्या पायरीच्या खाली, दार लोटलेलं होतं तिथं. काका वाचत होते. कॉमा. टक. फुलस्टॉप. आणि मग, “हं.”

माझा आवाज. पण मी इतका शांतपणे कधी काही म्हटलेलं नव्हतं. त्यात घाई नव्हती, कंटाळा नव्हता, काही मागणं नव्हतं. ओळ संपायची, “हं.” ओळ संपायची, “हं.” मी पन्नास तरी मोजले. एकदाही लवकर नाही, एकदाही उशीर नाही.

मी मुद्दाम खाकरलो. पाय आपटत वर चढलो. आत काकाच होते, भिंग घेऊन, माझ्या हंची वाट बघत. मी बसलो. खुर्ची गरम नव्हती. ते मी हात लावून बघितलं.

त्या वेळी मी बोललो असतो तर? “काका, मी दोन तास खाली होतो.” एवढंच. पण मग शाबासकी परत द्यावी लागली असती, फॅक्स परत द्यावा लागला असता, जास्तीचा भातसुद्धा. मी हं म्हणालो. माझं हं कच्चं निघालं. काका क्षणभर थबकले, मग पुढं वाचू लागले.

६

एकोणतीस मार्च, शुक्रवार. शेवटचं प्रकरण. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरिअर जाणार होता. पत्रा असा तापला होता की मध्येच आपोआप कडकड वाजे. पहिलं पान ऐकलं, सही केली, दोन वीस. खाली गेलो.

त्या दिवशी फ्रीगंजचा एक पोरगा आला होता, अख्ख्या टपरीला हरवत होता. पहिला बोर्ड मी हरलो, दुसरा जिंकलो, तिसरा जिंकत होतो. राणी माझ्याकडं होती. प्रकाशनं रेडिओ लावला होता. माझ्या हातावर घड्याळ होतं, मी ते एकदा बघितलंसुद्धा. तीन चाळीस. एवढा बोर्ड संपवू. चार दहाला आठवलं, आणि आठवूनही मी म्हणालो, पाच मिनिटं. कुणीतरी आहे ना वर.

हे शब्द मी मनात म्हटले. कुणीतरी आहे ना वर.

पुढं घड्याळ बघितलं तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

रस्ता पळत ओलांडला. पहिल्या मजल्यावर एसीची घरघर, पोरं हसतायत. वरचा जिना चढताना मी कान देत होतो. काकांचा आवाज येत नव्हता. मला बरं वाटलं. थांबले, डबा खात असतील.

मग आवाज आला. “हं.”

थोडा वेळ गेला. एक ओळ वाचायला लागतो तेवढा.

“हं.”

कुणी वाचत नव्हतं. टक नाही, कॉमा नाही, श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. नुसतं ते, बरोबर मापानं, तेवढ्याच शांतपणे. “हं.”

मी दार ढकललं.

समोर काका. कपाळ कागदांवर, भिंग गालाखाली, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. अंगठीचा हात टेबलावर पालथा. डबा टेबलाच्या कडेला बंद, सकाळी ताईनं बांधलेल्या रुमालासकट. आणि माझ्याकडं पाठ करून, माझ्या खुर्चीत, कुणीतरी वाकलेलं. मला मानेचा मागचा भाग दिसला आणि कॉलर. कॉलरवर आईनं शिवलेला दोरा होता, दुसऱ्या रंगाचा. निळी पेन्सिल ओळीवरून सरकत होती. ओळ संपली.

“हं.”

“काका!” मी ओरडलो.

खुर्चीतल्यानं वळून बघितलं नाही. नुसता डावा पंजा वर केला. माझ्याकडं. वाचन चालू आहे, बोलू नका.

आणि मी थांबलो.

हे कुणाला सांगितलेलं नाही. काका दोन हातांवर होते. साखर झाकणात होती. मी दारात उभा राहिलो, कारण मला थांबायला सांगितलं होतं. पेन्सिल आणखी एक ओळ गेली. पान उलटलं. तो पंजा मला ओळखीचा होता, बोटांना कॅरमची पांढरी पावडर होती, आणि मी त्याच्या पावडरकडं बघत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही.

“भिया, ग्लास के पैसे...” मागून प्रकाश आला, माझ्या खांद्यावरून आत बघितलं, आणि मला ढकलून आत शिरला. “अरे दादाजी! खड़े क्या हो, पानी लाओ!”

खुर्ची रिकामी होती. प्रकाशनं ती लाथेनं बाजूला केली आणि काकांना उचललं. मी साखर त्यांच्या तोंडात घातली. ती गालाच्या कोपऱ्यातून कोरडीच बाहेर पडली.

७

हॉस्पिटलात काका दीड दिवस होते. शुद्धीवर आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, साखर फार वेळ खाली राहिली, तासभर आधी आणलं असतं तर प्रश्नच नव्हता. प्रतिभाताई ऐकत होती. रडली नाही. शाळेत मुलांचं ऐकून घेतात तसं ऐकलं.

चौथ्या दिवशी भय्यासाहेबांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. बाबा पण आले होते, इस्त्रीच्या शर्टात. टेबलावर शेवटच्या प्रकरणाच्या प्रिंटची चळत होती.

“प्रतिभा, यशोधन दहा मिनिटं चहाला गेला होता असं तो म्हणतो,” भय्यासाहेब म्हणाले. खोटं मीच सांगितलं होतं, हॉस्पिटलाच्या व्हरांड्यात. “पण मी पानं बघितली. तो जागेवरून हललेला नाही. मुलगा घाबरलाय म्हणून काहीतरी बोलतोय. कंपनीकडून निष्काळजीपणा झालेला नाही, एवढंच मला सांगायचं होतं.”

माझ्या बचावासाठी दाखवत होते ते. कंपनीच्या बचावासाठी, म्हणजे.

ताईनं चळत पुढं ओढली. पानाच्या तळाशी ‘य’, दोन वीस. पुढच्या पानाला ‘य’, दोन सदतीस. तीन पाच. तीन चाळीस. चार. ती बोटानं वाचत गेली. चार अकराच्या पानावर समासात निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: वाचक एक शब्द दोनदा म्हणाला. चार वीस: एका हायफनला तीन टकटक. चार एकतीस: आवाज जड, शब्द बरोबर. चार चव्वेचाळीस: आवाज येत नाही. पुढे.

त्यानंतर आणखी तीन पानं होती. सगळ्या ओळी तपासलेल्या, दोन जागी हायफन काढलेले, पुठ्ठ्याप्रमाणे. तिन्ही पानांखाली ‘य’. शेवटची वेळ पाच आठ.

तिनं ते चार चव्वेचाळीसचं पान माझ्यासमोर ठेवलं.

“हे अक्षर तुझं आहे?”

बाबा म्हणाले, “अक्षर कुणाचंही असू शकतं, अहो, ऑफिसात...”

“मी त्याला विचारतेय,” ती बाबांना म्हणाली.

रस्त्यापलीकडं प्रकाश होता. त्याला हाक मारली असती तर तो वर आला असता आणि म्हणाला असता, दीदी, भिया तो मेरे यहाँ तीन घंटे से कॅरम खेल रहे थे. खरं तेच होतं. मी म्हातारा माणूस टाकून खेळत बसलो, एवढ्यावर सुटलो असतो. भित्रा, कामचुकार, कॉलेजसोड्या. ते सगळे मला आधीपासून तेच समजत होते, त्यात नवीन काही नव्हतं. पण ती खुर्ची मी कुणाला तरी दिली होती आणि कुणाला दिली हे जाणून घ्यायचं टाळलं होतं, रोज, महिनाभर. ते जे काही होतं त्यानं माझं काम केलं. काकांनी मला नेमून दिलेलं, हं म्हणायचं. त्यात ताईनं सांगितलेलं थांबवणं नव्हतं, कारण ते मी मन लावून कधी केलंच नव्हतं. आणि शेवटी दारात मी स्वतः उभा होतो.

“माझंच आहे,” मी म्हणालो.

“तू ऐकत होतास.”

“हो.”

“आवाज बंद झाला तेव्हा पण.”

“हो, ताई.”

भय्यासाहेबांचं तोंड उघडं राहिलं. बाबा उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर बस बघत उभे राहिले. ताईनं पान परत चळतीत, त्याच्या जागेवर ठेवलं, कडा जुळवल्या.

“डबा उघडला नाहीस,” ती म्हणाली. प्रश्न नव्हता. ती गेली.

मॅन्युअल छापून झालं. बोस्टनहून कळलं की चारशे पानांत एकही विसंगती नाही. भय्यासाहेबांनी पुढची तीन कामं मिळवली. पोलिसात कुणी गेलं नाही. आपल्या लोकांत असं करत नाहीत, चार घरी सांगतात. चार घरांनी चाळीसांना सांगितलं.

मेच्या सुरुवातीला बाबांनी माझी ट्रंक दाराबाहेरच्या ओट्यावर काढून ठेवली. उज्जैनमध्ये तेव्हा दीडेकशे मराठी घरं असतील. नंतर त्यातल्या एकाचंही दार मला उघडलं नाही. आमचंसुद्धा.